मालवाहू पिकअपचे मागील ड्रम ब्रेक काढून डिस्क ब्रेक बसवावेत का?

बंदरवाहतूक, रत्नागिरी

नमस्कार. माझ्याकडे एक मालवाहू पिकअप आहे. तिला पुढे डिस्क आणि मागे ड्रम ब्रेक असून सर्व ब्रेक हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारे), व्हॅक्यूम बूस्टरसह (पायाचा जोर वाढवणाऱ्या भागासह) आहेत. मिरकरवाडा बंदरातून बर्फात भरलेली मासळी आंबा घाटमार्गे कोल्हापूरला न्यायची आणि परतीच्या खेपेला तिकडून भाजीपाला किंवा गूळ भरून आणायचा, असे माझे काम आहे. त्यामुळे घाट चढताना आणि उतरताना, दोन्ही वेळा गाडी भरलेलीच असते.

गेल्या पावसाळ्यापासून ब्रेकची तक्रार सुरू झाली आहे. आंब्याहून साखरप्याकडे उतरताना निम्मा घाट सरला की ब्रेकचे पेडल नेहमीपेक्षा बरेच खाली जाऊ लागते. लगेच दुसऱ्यांदा दाबले, तर ते वर येते आणि ब्रेक धरतो. साखरपा येईपर्यंत मागच्या चाकांकडून लायनर (ड्रमला आतून घासून ब्रेक लावणारे अस्तर) जळाल्याचा वास येतो. रात्रभर पावसात उभी राहिलेली गाडी सकाळी बाहेर काढली, की पहिले काही ब्रेक लागतच नाहीत आणि नंतर एकदम लागून गाडी डावीकडे ओढली जाते. बंदराच्या उतारावर माल भरताना हँडब्रेकही पुरेसा धरत नाही, म्हणून चाकाखाली दगड लावावा लागतो. आणखी एक गोष्ट सांगतो, कदाचित तिचा संबंध असेल: मागच्या पाट्यांमध्ये (स्प्रिंगच्या पट्ट्यांमध्ये) मी एक जादा पाटा टाकून घेतलेला आहे.

आमच्या ओळखीच्या मिस्त्रींचे म्हणणे असे, की ड्रम ही जुनी पद्धत झाली; भंगारातील एखाद्या मोटारीचे डिस्क आणि कॅलिपर (डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅडने दाबणारा चिमटा) आणून, जाड लोखंडी पट्टीचा ब्रॅकेट तयार करून, तो मागच्या ॲक्सलवर वेल्ड करू, म्हणजे कायमची चिंता मिटेल. हे करावे का, केल्यास आणखी काय बदलावे लागेल आणि पासिंगच्या (परिवहन कार्यालयातील योग्यता तपासणीच्या) वेळी अडचण येईल का, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

घाटरस्ता

मी स्वतः कुंभार्ली आणि फोंडा या घाटांतून नियमित माल घेऊन उतरतो, म्हणून प्रथम चालवण्याविषयी लिहितो. ज्या गिअरमध्ये भरलेली गाडी घाट चढते, त्याच गिअरमध्ये ती उतरवावी, हा जुन्या चालकांचा नियम आजही खरा आहे. उतारावर सतत हलका ब्रेक दाबून ठेवण्याऐवजी वेग वाढला की ठामपणे दाबावा, वेग उतरला की पूर्ण सोडावा, म्हणजे मधल्या काळात ब्रेक थंड होतात. डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रल करणे किंवा इंजिन बंद करणे तर कधीच करू नये. इंजिन बंद पडले की व्हॅक्यूम पंप थांबतो, बूस्टरमध्ये साठलेला व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो आणि त्यानंतर तेच पेडल दगडासारखे घट्ट होते. आपण कोणत्या गिअरमध्ये उतरता, हे आधी कळवावे.

बंदरवाहतूक, रत्नागिरी

मोठी वळणे दुसऱ्या गिअरमध्ये आणि एरवी तिसऱ्या गिअरमध्ये उतरतो. इंजिन कधीही बंद करत नाही. पूर्वी याच पद्धतीने उतरताना त्रास नव्हता, म्हणूनच दोष गाडीत असावा असे वाटते.

यंत्रशाळा, चिपळूण

आपला अंदाज बरोबर वाटतो. आपण लक्षणे नेमकी लिहिली आहेत, त्यामुळे उत्तरही नेमके देता येईल.

घाटात पेडल तीन प्रकारे दगा देते आणि तिन्हींची कारणे वेगळी असतात. पेडल घट्ट लागते, पाय पूर्ण जोराने दाबला जातो, तरी गाडी थांबत नाही, तेव्हा लायनर किंवा पॅड अतितापून त्यांचे घर्षण घटलेले असते. पेडल स्पंजासारखे मऊ होऊन तळाला जाते आणि कितीही पंप केले तरी नीट घट्ट होत नाही, तेव्हा ब्रेक ऑईल उकळून त्यात वाफ झालेली असते किंवा पाइपात हवा शिरलेली असते. तिसरा प्रकार आपला: पहिल्या दाबाला पेडल खोल जाते, दुसऱ्या दाबाला वर येऊन घट्ट होते. याचा अर्थ मागच्या शूंना (लायनर बसवलेल्या कमानींना) ड्रमपर्यंत पोहोचण्यासाठी फार अंतर कापावे लागत आहे. पहिला दाब ते अंतर भरून काढण्यात खर्च होतो आणि ब्रेक दुसऱ्या दाबाला लागतो. हे अंतर लायनर झिजल्याने वाढते, ॲडजस्टर (शू आणि ड्रममधले अंतर जुळवणारा भाग) गंजून जाम झाल्याने वाढते आणि ड्रम तापून फुगल्यानेही वाढते. २६० मिलिमीटर व्यासाचा बिडाचा ड्रम २०० अंशांनी तापला, तर त्याचा व्यास साधारण अर्ध्या मिलिमीटरने वाढतो. ॲडजस्टर नीट असेल तर एवढी वाढ सहज पचते. आधीच अंतर वाढलेले असेल, तर नेमकी निम्म्या घाटानंतर जाणवते.

उष्णता किती निर्माण होते, याचीही कल्पना असावी. मालासह ३ टन वजनाची गाडी ४०० मीटर उंची उतरते असे धरले, तर सुमारे १ कोटी १८ लाख ज्यूल ऊर्जा कुठे तरी जिरवावी लागते. एवढ्या ऊर्जेत सामान्य तापमानाचे साडेचार लिटर पाणी पूर्णपणे वाफ होऊन जाईल. यातील काही भाग इंजिन आणि हवेचा विरोध घेतात, उरलेला सगळा चार चाकांच्या ब्रेकना घ्यावा लागतो. मागे डिस्क बसवल्याने ही ऊर्जा कमी होत नाही. ती कोणत्या चाकाने किती घ्यायची, एवढीच वाटणी बदलते.

आता डिस्क बसवण्याविषयी. ड्रममधील पुढचा शू फिरणाऱ्या ड्रमबरोबर स्वतःच ओढला जातो आणि अधिक घट्ट बसतो, म्हणून लहान व्हील सिलिंडरवरही (चाकात शू ढकलणाऱ्या सिलिंडरवरही) ड्रम भरपूर जोर देतो. डिस्कमध्ये ही आपोआप होणारी वाढ नसते. पॅड जितके दाबले तितकेच धरतात. म्हणून कॅलिपरचा पिस्टन मोठा ठेवावा लागतो आणि नेमका किती मोठा, यावर सारे अवलंबून असते.

एक हिशेब मांडतो. आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. २२ मिलिमीटर व्यासाच्या व्हील सिलिंडरचे क्षेत्रफळ ३.८ चौरस सेंटिमीटर, ड्रमची जोर वाढवण्याची पट सुमारे २.३ आणि ड्रमची त्रिज्या १३ सेंटिमीटर यांचा गुणाकार सुमारे ११४ येतो. डिस्कसाठी हीच पट सुमारे ०.७५ असते आणि पॅडची परिणामकारक त्रिज्या १०.५ सेंटिमीटर धरू. कॅलिपरचा पिस्टन ५४ मिलिमीटरचा असेल, तर क्षेत्रफळ २२.९ आणि गुणाकार सुमारे १८० येतो, म्हणजे त्याच दाबाला मागचा ब्रेक पूर्वीपेक्षा सुमारे ५८ टक्के अधिक जोराने लागेल. पिस्टन ३८ मिलिमीटरचा असेल, तर गुणाकार सुमारे ८९ येतो, म्हणजे ब्रेक पूर्वीपेक्षा २२ टक्के कमी लागेल. पहिल्या गाडीची मागची चाके रिकाम्या हौद्याने ओल्या रस्त्यावर उतरताना जाम होतील आणि गाडी मागून फिरेल. दुसऱ्या गाडीचा बहुतेक भार पुढच्या डिस्कवर पडून तेथील ऑईल उकळेल. भंगारात हाती लागलेला कॅलिपर यांपैकी कोणत्या बाजूचा आहे, हे मोजमाप केल्याशिवाय कुणालाही सांगता येणार नाही. मला खरी काळजी याचीच वाटते.

पिस्टन मोठा झाला की त्याला लागणारे ऑईलही वाढते, म्हणून मास्टर सिलिंडरचा (पेडलने ऑईल दाबणाऱ्या मुख्य सिलिंडरचा) बोअर, म्हणजे आतला व्यास, पुरतो का, हे पाहावे लागते. मोठा मास्टर सिलिंडर घातला, तर त्याच पायाच्या जोराला दाब कमी मिळतो आणि मग बूस्टरचा विचार करावा लागतो. काही जुन्या गाड्यांत ड्रमच्या लाइनमध्ये थोडा दाब कायम धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. तो तसाच राहिला, तर डिस्कचे पॅड सुटत नाहीत आणि घासत राहतात. शिवाय हँडब्रेक आहेच. ड्रममध्ये तो शूंच्या मधल्या लिव्हरने सहज मिळतो. साध्या पुढच्या चाकाच्या कॅलिपरला हँडब्रेकची सोय नसते. बंदराच्या उतारावर भरलेली गाडी उभी करणाऱ्याने हँडब्रेकशिवायची रचना स्वीकारू नये.

वेल्डिंगविषयी स्पष्टपणे सांगतो: करू नये. ॲक्सलच्या नळीवर वेल्ड केल्याने नळी वाकते, आतल्या बेअरिंगची आणि ऑईल सीलची बैठक बिघडते आणि पूर्ण ब्रेक लागताना येणारा पिळ तो सांधा एकट्याने पेलतो. ब्रॅकेट लावायचाच असेल, तर तो मूळ बॅकप्लेटच्या (ड्रममागच्या स्थिर पत्र्याच्या) बोल्टांवर, मापात मशीन करून बसवलेला असावा. डिस्क फिरताना तिची बाजूची हालचाल ०.१ मिलिमीटरच्या आत असावी आणि कॅलिपर रिममध्ये कुठेही टेकता कामा नये.

वेंगुर्ले किनारा

वरील उत्तराला एक पुरवणी जोडतो. मासळीच्या गाड्यांना इतर मालगाड्यांपेक्षा वेगळा त्रास असतो. बर्फ वितळून झालेले खारे पाणी हौद्याच्या फटींतून थेट मागच्या ॲक्सलवर, ब्रेकच्या पाइपांवर आणि हँडब्रेकच्या केबलवर गळत राहते. अशा गाडीला उघडी डिस्क बसवली, तर कॅलिपरच्या सरकत्या पिना गंजून जाम होण्याचा धोका मोठा असतो. पीन जाम झाली, की एकच पॅड झिजतो आणि तो डिस्कला सतत घासून तापतो. आमच्या बाजूला मागे डिस्क असलेल्या मोटारी किनाऱ्यावर काही दिवस नुसत्या उभ्या राहिल्या, तरी डिस्कवर गंजाचा जाड थर दिसतो. ड्रममध्येही गंज होतो, परंतु लायनरची घासण्याची जागा निदान झाकलेली असते.

आपण डिस्क बसवा अथवा ड्रमच ठेवा, पण हौद्याच्या तळाला फटी बुजवून पाणी एका नळीने ॲक्सलच्या मागे सोडण्याची व्यवस्था करा आणि गाडी रिकामी झाल्यावर खालचा भाग गोड्या पाण्याने धुवा. मागचे ब्रेक पाइप हाताने चाचपून पाहा. गंजाचे पापुद्रे निघत असतील, तर ते पाइप तत्काळ बदलावेत.

चाकजोड

मला डिस्कची बाजूही मांडावीशी वाटते, कारण ती खरोखरच चांगली रचना आहे. पाण्यातून गाडी गेली, तर डिस्कवरचे पाणी फिरण्याने फेकले जाते आणि पॅड उरलेले पुसून काढतात. ड्रममध्ये शिरलेले पाणी आत कोंडते. डिस्क तापली, तर ती पॅडपासून दूर जात नाही, त्यामुळे ड्रमसारखे पेडल लांबत नाही. पॅड किती उरले, ते चाक काढताच दिसते. युरोपातील अवजड ट्रकांवर सर्व ॲक्सलना डिस्क ब्रेक सर्रास असतात. तेव्हा मिस्त्रींचा विचार मुळातच चुकीचा आहे, असे म्हणता येणार नाही. मात्र ते ट्रक पहिल्यापासून तशा हिशेबाने बांधलेले असतात. मास्टर किंवा एअर व्हॉल्व्हपासून रिमपर्यंत प्रत्येक भाग एकमेकांसाठी निवडलेला असतो. आपल्याच मॉडेलला उत्पादकाने मागील डिस्कचा प्रकार काढलेला असेल, तर संपूर्ण ॲक्सल, व्हॉल्व्ह आणि हँडब्रेकसह तो संच घेण्याचा विचार करावा. तसे नसेल, तर सुटे भाग जमवून केलेली रचना मी स्वतः घाटात वापरणार नाही.

कागदपत्रे, कुडाळ

पासिंगविषयी लिहितो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलांपेक्षा वेगळा ठरेल असा बदल मालकाला वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मधील निकालात हेच बजावले आहे. आरसी बुकात ब्रेकचा प्रकार लिहिलेला नसतो, म्हणून चालते, असा युक्तिवाद काही जण करतात. परंतु वाहनाच्या मॉडेलला मान्यता मिळते ती ब्रेकच्या चाचणीसह. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९६ ब्रेकसंबंधी आहे. ब्रेकची रचना बदलली, की त्या मान्यतेचा आधार जातो.

मालवाहू वाहनाला पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. वेल्ड केलेला ब्रॅकेट तपासणीत दिसला, तर प्रमाणपत्र अडू शकते. त्याहून गंभीर बाब विम्याची आहे. अपघात झाला आणि ब्रेकमध्ये परस्पर बदल केल्याचे आढळले, तर दावा वादात सापडतो, आणि तिसऱ्या व्यक्तीला इजा झालेली असेल, तर तो वाद आपल्याला अनेक वर्षे पुरतो. काही करायचे झाल्यास आधी परिवहन कार्यालयाकडे लेखी विचारणा करावी आणि उत्तरही लेखी घ्यावे.

यंत्रशाळा, चिपळूण

जादा पाट्याविषयी लिहायचे राहिले होते, आणि माझ्या मते आपल्या तक्रारीचे एक मूळ तिथे असण्याची दाट शक्यता आहे. बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलच्या वर, चासीला लावलेला एक व्हॉल्व्ह असतो आणि त्यातून एक सळई किंवा स्प्रिंग ॲक्सलकडे जाते. माल भरला की हौदा खाली बसतो, सळई हलते आणि व्हॉल्व्ह मागच्या चाकांना अधिक दाब देतो. गाडी रिकामी असेल, तर हौदा वर राहतो आणि व्हॉल्व्ह दाब रोखतो, म्हणजे मागची हलकी चाके जाम होत नाहीत. जादा पाटा टाकल्याने भरलेली गाडीही पूर्वीइतकी खाली बसत नाही. व्हॉल्व्हला ती अर्धी रिकामीच वाटते आणि भरल्या गाडीला मागचा ब्रेक हवा तितका मिळत नाही.

आपण पुढील क्रमाने तपासणी करून घ्यावी, अशी विनंती आहे. प्रथम हा व्हॉल्व्ह आणि त्याची सळई पाहा. मग दोन्ही मागचे ड्रम उघडा. आतली धूळ कंप्रेसरच्या हवेने उडवू नका, ती फुप्फुसात जाते, ओल्या फडक्याने पुसून घ्या. लायनरवर क्राउन ऑईलचा (मागच्या ॲक्सलमधील गिअरच्या तेलाचा) ओलावा आहे का, ते नीट पाहा, कारण एका बाजूच्या लायनरला ऑईल लागले असेल, तर गाडी एका बाजूला ओढण्याचे कारण तिथेच मिळू शकते. ड्रमवर कमाल व्यासाचा आकडा ओतलेला किंवा कोरलेला असतो. व्यास त्याच्या पुढे गेला असेल, तर लेथवर टर्न न करता ड्रम बदलावा. ॲडजस्टरचा दातेरी चाकी स्क्रू हाताने फिरतो का, तेही पाहा.

ब्रेक ऑईल पूर्ण बदलून घ्या. ते हवेतील ओलावा शोषते आणि आपल्या किनाऱ्यावर ओलाव्याला तोटा नाही. डॉट ३ प्रतीच्या ताज्या ऑईलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सियस असावा लागतो, ओलावा शोषल्यावर त्याची मर्यादा १४० अंशांवर येते; डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. गाडीच्या पुस्तिकेत परवानगी असेल, तर डॉट ४ घ्यावे. सिलिकॉनचे डॉट ५ मात्र यात कधीही मिसळू नये.

बंदरवाहतूक, रत्नागिरी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. गाडी दुसऱ्या गॅरेजमध्ये उघडून पाहिली. व्हॉल्व्ह आहे, त्याची सळई गंजून सांध्यात जखडली होती आणि हौदा दाबला तरी हलत नव्हती. डाव्या ड्रमचा ॲडजस्टर पूर्ण जाम होता. उजव्या बाजूचे ऑईल सील गळत होते आणि लायनर काळा, ओलसर झाला होता, म्हणजे डावीकडे ओढण्याचे कारण उजव्या चाकात निघाले. हँडब्रेकची केबल आवरणात गंजली होती. दोन्ही बाजूंचे लायनर, सील, ॲडजस्टर आणि केबल नवीन घातली, ड्रम मापात असल्याने तेच ठेवले, ऑईल डॉट ४ भरले. डिस्कचा विचार सोडून दिला आहे.

एक प्रश्न उरला. व्हॉल्व्हची सळई नवी बसवली आहे, परंतु जादा पाटा तसाच आहे. पाटा ठेवून सळईची लांबी त्यानुसार जुळवली, तर चालेल का?

यंत्रशाळा, चिपळूण

पाटा काढावा, असे माझे स्पष्ट मत आहे. जादा पाट्याने गाडीची बसण्याची पद्धतच बदललेली आहे. भरल्या गाडीसाठी सळई जुळवली, तर रिकाम्या गाडीला मागे जास्त दाब मिळेल आणि पावसात मागची चाके घसरतील. मूळ पाट्यांचा संच ठेवून, पुस्तिकेत दिलेल्या वजनाच्या स्थितीत आणि दिलेल्या मापानेच सळई लावावी. मूळ पाट्यांवर गाडी फार बसत असेल, तर माल मंजूर वजनापेक्षा अधिक भरला जात आहे, असे समजून तो कमी करावा.

नवे लायनर ड्रमला पूर्ण टेकायला वेळ लागतो, म्हणून लगेच घाटात जाऊ नये. आधी रिकामी गाडी मोकळ्या सपाट रस्त्यावर कमी वेगात अनेकदा थांबवून पाहावी, मग निम्मा माल भरून हातखंबा ते पालीपर्यंत चालवावी. तेथे उतरून चारही चाकांजवळ हात नेऊन, स्पर्श न करता, उष्णतेचा अंदाज घ्यावा. गॅरेजमध्ये तापमान मोजण्याची इन्फ्रारेड बंदूक मिळाली, तर उत्तम. एकाच ॲक्सलच्या दोन चाकांमध्ये मोठा फरक दिसला, तर जास्त तापलेल्या बाजूचा शू सुटत नाही किंवा थंड बाजूचा लागत नाही, असे समजावे. तापलेल्या ड्रमवर किंवा डिस्कवर पाणी मात्र ओतू नये, बीड तडकते. त्यानंतर ॲडजस्टर पुन्हा एकदा जुळवून घ्यावा आणि मगच भरलेली गाडी घाटात न्यावी.